परमा, आणि ‘वांझ’ हा शब्द

मंडळी, आजचा विषय चारचौघांत काढायचा नाही असेच आपण सगळे ऐकत आलो. घरातली मुले, सुना, भाचरे हे लेख वाचतात याची मला कल्पना आहे. तरीही लिहितो. सत्तरी उलटल्यावर लाजायचे ते कशाला?

विषय आहे परमा. डॉक्टरी भाषेत गोनोरिया. शरीरसंबंधातून लागणारा जंतुसंसर्ग. पुरुषाला लघवी करताना आग होते, मूत्रमार्गातून पू येतो. उपचार झाले नाहीत तर मूत्रमार्ग आकसतो, वृषणाजवळच्या नळ्या सुजतात आणि कधी कधी मूल होण्याची क्षमताही जाते.

या रोगाच्या नावातच घोटाळा आहे बघा. आपला ‘परमा’ हा शब्द ‘प्रमेह’वरून आला. चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आणि त्यात मधुमेहही आहे. म्हणजे लघवीच्या सगळ्या तक्रारी एका गाठोड्यात! तिकडे ग्रीक वैद्य गॅलन याने दुसऱ्या शतकात ‘गोनोरिया’ हा शब्द वापरला, त्याचा अर्थ ‘बीजाचा स्राव’. पू म्हणजे वीर्यच गळते आहे, अशी समजूत.

पुढे युरोपात परमा आणि गरमी (उपदंश) हे दोन्ही एकच रोग मानले जात. लंडनचा नामांकित शल्यवैद्य जॉन हंटर याने 1786 च्या ग्रंथात तेच ठासून सांगितले. मोठ्या माणसाची चूकही मोठी आणि टिकाऊ असते! पॅरिसच्या फिलिप रिकोर्ड याने 1838 मध्ये हे दोन वेगळे रोग आहेत असे दाखवले, तेव्हा कुठे हा गोंधळ मिटू लागला. उपचार म्हणाल तर पारा, मूत्रमार्गात घालायच्या सळ्या, कबाबचिनी आणि चक्क चंदनाचे तेल! आपण देवापुढे ज्याचे गंध उगाळतो, त्याच चंदनाचे तेल युरोपातले रोगी या दुखण्यावर पोटात घेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पुरुषाची आग थांबली, पू थांबला की तो बरा झाला असे मानले जाई. मग लग्न. आणि लग्नानंतर काही महिन्यांत सुदृढ मुलगी ओटीपोटाच्या दुखण्याने खंगू लागे. मूल होत नसे. दोष अर्थातच तिचा.

1872 मध्ये एमिल नोगेराथ या न्यूयॉर्कमधल्या जर्मन डॉक्टरने लिहिले की, हा रोग नवऱ्याच्या अंगात दडून राहतो, बायकोला लागतो आणि तिचे वांझपण पुष्कळदा त्यातूनच येते. त्याचे काही दावे अतिशयोक्त होते हे खरे. पण त्याची जी टर उडवली गेली ती केवळ त्यासाठी नव्हती. घरच्या कर्त्या पुरुषाकडे बोट दाखवणे कुणाला रुचणार?

सात वर्षांनी, 1879 मध्ये, ब्रेसलाऊ (आजचे पोलंडमधले व्रोत्स्वाफ) येथे आल्बर्ट नायसर या अवघ्या 24 वर्षांच्या डॉक्टरला सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू दिसले. जोडीजोडीने राहणारे, कॉफीच्या बियांसारखे. तेच जंतू नवजात बाळांच्या डोळ्यांतल्या पुवातही सापडले. जन्माच्या वेळी आईकडून बाळाला संसर्ग होई आणि कित्येक बाळे आंधळी होत. लाइपझिगच्या क्रेडे यांनी 1880 पासून प्रत्येक बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सुरुवात केली. त्यांच्या इस्पितळात शेकडा दहाच्या आसपास असलेले हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आले. एक थेंब!

नायसरची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1892 मध्ये त्याने गरमीवरच्या प्रयोगासाठी काही मुलींना आणि वेश्यांना न विचारताच रक्तद्रव टोचले. काहींना रोग झाला. 1900 मध्ये त्याला दंड झाला आणि त्याच वर्षी, रुग्णाच्या संमतीशिवाय असे प्रयोग करू नयेत, असा आदेश प्रशियाच्या सरकारने काढला. इथेही किंमत मोजली ती बायकांनीच.

आपल्याकडे इंग्रज सरकारने काय केले? गोऱ्या शिपायांना रोग लागू नये म्हणून 1868 चा कायदा आणला. तो मुंबईतही लागू झाला. त्यात वेश्यांची नोंदणी, सक्तीची तपासणी आणि रोग आढळला तर इस्पितळात डांबणे. पुरुष गिऱ्हाइकाला या कायद्यात कुणी हात लावला नाही. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांनी अशाच कायद्याविरुद्ध मोठी चळवळ केली. 1886 मध्ये तिथला आणि 1888 मध्ये इथला कायदा रद्द झाला.

मराठीत या विषयावर न लाजता लिहिले ते र. धों. कर्वे यांनी. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे त्यांचे पुस्तक. 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, दंड भरला. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

1943 पासून पेनिसिलिन आले आणि रोग चुटकीसरशी बरा होऊ लागला. 1954 मध्ये आपल्या पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. पण जंतूही काही कमी नाही. आधी सल्फा, मग पेनिसिलिन, मग सिप्रोफ्लॉक्सासिन, एकेका औषधाला त्याने दाद देणे सोडले. आता मुख्य भिस्त सेफ्ट्रायॅक्सोनच्या इंजेक्शनवर आहे आणि त्यालाही न जुमानणारे जंतू काही देशांत सापडले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात जगात सुमारे 8 कोटी 20 लाख लोकांना नव्याने लागण झाली.

मूल न होण्याची कारणे अनेक असतात. क्षयानेही गर्भनलिका बंद होतात. प्रत्येक घरात परमाच होता असे मी म्हणत नाही. पण आमच्या लहानपणी गावोगाव अशा बायका होत्या, ज्यांना ओटी भरताना वगळले जाई, बारशाला मागे उभे केले जाई, ज्यांच्या डोळ्यांदेखत घरात सवत येई. त्यांच्यापैकी कितीजणींच्या नवऱ्यांना कुणी विचारले, की बाबा रे, लग्नाआधी तुला काही दुखणे होते का? ‘वांझ’ या शब्दाला आपल्या भाषेत रुळलेले पुल्लिंगी रूपच नाही. मराठीच्या मास्तराला हे आधी कळायला हवे!

तेव्हा तरुण मंडळींनो, असा काही त्रास झाला तर भिंतीवरच्या जाहिराती वाचून गुपचूप कुठे जाऊ नका. सरळ डॉक्टरांकडे जा आणि सांगितलेले औषध पूर्ण घ्या. आणि बायकोलाही सांगा, तिचीही तपासणी करा. बाईला हा रोग पुष्कळदा काही लक्षण न दाखवता आत नासधूस करत राहतो. नवऱ्याने तोंड उघडले नाही, तर तिला ते कळायचे कसे?