यजमानपणाचा जमाखर्च



सन २०१४ च्या जानेवारी महिन्यात गोव्यामध्ये एक आंतरराष्ट्रीय क्रीडोत्सव साजरा झाला. त्याचे नाव लुसोफोनिया क्रीडास्पर्धा. पोर्तुगीज भाषेशी किंवा पोर्तुगालच्या इतिहासाशी ज्यांचा या ना त्या नात्याने संबंध आला, अशा देशांचे व प्रदेशांचे हे संमेलन. ब्राझील, पोर्तुगाल, अंगोला, मोझांबिक, मकाव यांच्या पंगतीत भारताला पान मिळाले ते गोव्यामुळे. ताळगावला नवे बंदिस्त क्रीडागृह उभे राहिले, बांबोळीला नवी धावपट्टी झाली, नऊ खेळांचे सामने झाले आणि पदकांच्या यादीत भारत पहिला आला. हे सारे घडून फार वर्षे लोटली नाहीत. तरीही गोव्याबाहेरच्या किती वाचकांना आज त्या स्पर्धेचे नाव आठवते?

ऑलिंपिक सामन्यांच्या खर्चाविषयी जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे. माँट्रियल शहराने १९७६ साली ऑलिंपिक सामने भरविले आणि त्यांच्या मुख्य मैदानाचे कर्ज फिटायला २००६ साल उजाडले, ही गोष्ट आता दृष्टान्तासारखी सांगितली जाते. परंतु ज्यांचे नाव फारसे कोणी ऐकलेले नाही, अशा लहान आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे काय? त्यांच्यासाठी सार्वजनिक तिजोरीतून पैसा खर्चावा की नाही? आपल्या देशाच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे शोधण्याजोगी काही उदाहरणे आहेत. त्यांचा आज विचार करू.

अशा स्पर्धांच्या समर्थनार्थ दोन कारणे नेहमी पुढे केली जातात. एक, शहराचे नाव जगभर होते. आणि दुसरे, पाहुणे येतात व व्यापार वाढतो. मला ही दोन्ही कारणे लंगडी वाटतात. जी स्पर्धा जगच पाहत नाही तिच्यामुळे जगात नाव होणार कसे? आणि येणारे पाहुणे बहुधा खेळाडू, पंच व पदाधिकारीच असतात. त्यांच्या निवासाची व भोजनाची व्यवस्था पुष्कळदा यजमानालाच करावी लागते. तेव्हा कीर्ती आणि व्यापार ही दोन खाती आपण आरंभीच बंद करू. उरलेल्या जमेच्या बाजूला काही राहते काय, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सन १९३४ मध्ये दिल्लीस पश्चिम आशियाई क्रीडास्पर्धा नावाचा एक छोटा समारंभ झाला. हिंदुस्थान, अफगाणिस्तान, सिलोन आणि पॅलेस्टाइन असे चारच संघ त्यात होते. नव्या दिल्लीतील आयर्विन ॲम्फिथिएटर हे क्रीडांगण त्याआधी वर्षभरच, म्हणजे १९३३ साली, बांधून तयार झालेले होते आणि ते भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभे राहिले होते. या स्पर्धेचा पुढचा मेळावा १९३८ साली पॅलेस्टाइनमध्ये व्हावयाचा होता, तो कधीच झाला नाही. एकदाच भरलेली आणि विस्मृतीत गेलेली स्पर्धा, असेच तिचे वर्णन करावे लागेल.

पण या विस्मृत समारंभाचे एक सूत्रधार होते गुरुदत्त सोंधी. पाहुण्या संघांना बोलवावे कसे, सामन्यांची आखणी करावी कशी, याचा जो अनुभव त्यांच्या गाठी जमा झाला तो वाया गेला नाही. लंडन येथील १९४८ च्या ऑलिंपिकच्या वेळी त्यांनी आशियाई देशांच्या प्रतिनिधींपुढे स्वतंत्र आशियाई स्पर्धेची कल्पना मांडली. सन १९४९ च्या फेब्रुवारीत दिल्लीस आशियाई क्रीडासंघ स्थापन झाला, आणि मार्च १९५१ मध्ये पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा त्याच जुन्या क्रीडांगणावर झाल्या. त्याचे नाव आता राष्ट्रीय क्रीडांगण असे झाले होते. अकरा देश आणि सुमारे पाचशे खेळाडू, एवढाच त्या स्पर्धेचा व्याप होता. आज आशियाई स्पर्धा ऑलिंपिकच्या खालोखाल गणल्या जातात. परंतु १९५१ साली ती एक नवखी, अल्पपरिचित स्पर्धाच होती. फाळणीच्या जखमा ओल्या असलेल्या, अन्नधान्याच्या तुटवड्याने गांजलेल्या देशाने ती भरवावी काय, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता. स्पर्धा मूळच्या १९५० साली व्हावयाच्या होत्या. तयारी अपुरी पडल्यामुळे त्या वर्षभर पुढे गेल्या. पण यजमानांनी एक शहाणपण केले. हाताशी होते ते मैदान त्यांनी दुरुस्त करून घेतले आणि खेळाडूंना सैनिकी बराकींत उतरविले. ऋण काढून सण केला नाही. ते क्रीडांगण पुढे हॉकीचे माहेरघर बनले आणि मेजर ध्यानचंद यांचे नाव धारण करून आजही उभे आहे.

दिल्लीकडून आता हैदराबादकडे वळू. सन २००३ च्या २४ ऑक्टोबरपासून १ नोव्हेंबरपर्यंत तेथे आफ्रो-आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. दोन खंडांतील शंभराच्या आसपास देशांना एकत्र आणणाऱ्या या योजनेचा विचार वीस वर्षे रेंगाळला होता. आधी दिल्ली ठरली, मग २००१ च्या सप्टेंबरमधील अमेरिकेतील हल्ल्यांनंतर ती स्पर्धा लांबणीवर पडली, आणि अखेरीस हैदराबादने यजमानपद पत्करले. हॉकीच्या अंतिम सामन्यात आपण पाकिस्तानवर ३-१ असा विजय मिळविला, अंजू बॉबी जॉर्जने लांब उडीत सुवर्णपदक घेतले, आणि भारताचा क्रमांक चीनच्या मागोमाग लागला. दुसरी स्पर्धा अल्जीअर्सला भरणार होती. ती भरलीच नाही. सारांश, हीसुद्धा एकदाच झालेली स्पर्धा.

येथे हैदराबादची एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गच्चीबावलीचे क्रीडासंकुल त्याआधी २००२ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने सिद्ध झालेले होते. तेच मैदान दुसऱ्या वर्षी परदेशी पाहुण्यांच्या कामी आले, आणि २००७ साली जागतिक सैनिकी क्रीडास्पर्धांचे यजमानपदही याच शहराने स्वीकारले. सन २००९ ची जागतिक बॅडमिंटन अजिंक्यपद स्पर्धा गच्चीबावलीच्याच बंदिस्त क्रीडागृहात झाली. सन २०१९ पासून त्या मैदानावर व्यावसायिक फुटबॉलचे सामने होऊ लागले. आणि २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा तेथील क्रीडाग्रामातील बहुमजली इमारतीचे रुग्णालय झाले. एकाच मांडवाखाली अनेक कार्ये उरकण्याचा हा व्यवहारीपणा आहे.

परंतु इमारतींनी खेळाडू घडत नाहीत. त्याच गच्चीबावलीत पुल्लेला गोपीचंद यांनी सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर, स्वतःचे घर गहाण टाकून आणि देणगीदारांच्या साहाय्याने, आपली बॅडमिंटन अकादमी २००८ साली उभी केली. सायना नेहवालचे २०१२ चे ऑलिंपिक पदक आणि सिंधूचे २०१६ चे रौप्यपदक या अकादमीतील शिक्षणाचे फळ आहे. ते यश आफ्रो-आशियाई स्पर्धेच्या खात्यावर मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. उलट, या उदाहरणातून वेगळाच धडा मिळतो: नऊ दिवसांच्या समारंभाने जे होत नाही, ते रोज पहाटे मैदानावर हजर राहणारा एक गुरू करू शकतो. मैदान हवे हे खरे, पण त्या मैदानावर उद्या कोण शिकविणार, हा प्रश्न मैदानाच्या पायाभरणीपूर्वीच सोडविला पाहिजे.

आता पुन्हा गोव्याकडे येऊ. लुसोफोनिया स्पर्धा मुळात नोव्हेंबर २०१३ मध्ये व्हावयाच्या होत्या. बांधकामे वेळेवर पुरी झाली नाहीत म्हणून त्या जानेवारीपर्यंत ढकलाव्या लागल्या. असा विलंब झाला की घाई होते, आणि घाई झाली की खर्चाची घासाघीस करण्याची शक्ती यजमानापाशी उरत नाही. पाहुणे दाराशी आले असता गवंड्याशी मजुरीचा वाद कोण घालणार? चौथी स्पर्धा २०१७ साली मोझांबिकमध्ये ठरली होती. ती झाली नाही, आणि गोव्याची तिसरी स्पर्धा ही त्या मालिकेतील अखेरची ठरली.

तथापि गोव्याच्या जमेच्या बाजूलाही काही आहे. करोनाच्या काळात २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन्ही हंगामांत इंडियन सुपर लीग ही देशातील प्रमुख फुटबॉल स्पर्धा संपूर्णपणे गोव्यात खेळविली गेली. तिच्या तीन मैदानांपैकी एक होते बांबोळीचे. साथीच्या दुसऱ्या लाटेत ताळगावच्या क्रीडागृहात रुग्णांच्या खाटा मांडल्या गेल्या. आणि २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोव्याने राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरविल्या तेव्हा २०१४ साली उभ्या राहिलेल्या या वास्तू पुन्हा कामी आल्या. त्या स्पर्धेत महाराष्ट्राने पहिला क्रमांक पटकाविला, हे आपणांस स्मरत असेलच. मात्र हेही सांगितले पाहिजे की, या राष्ट्रीय स्पर्धा गोव्यात आधी २०१६ साली व्हावयाच्या होत्या आणि त्या सात वर्षे पुढे पुढे जात राहिल्या.

गोव्याप्रमाणेच एके काळी पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या मकावचे उदाहरण येथे ताडून पाहावे. त्या इवल्याशा प्रदेशाने २००५ साली पूर्व आशियाई स्पर्धा, २००६ साली पहिल्या लुसोफोनिया स्पर्धा आणि २००७ साली आशियाई इनडोअर स्पर्धा अशा तीन लहान स्पर्धा ओळीने भरविल्या. मकावजवळ जुगारगृहांच्या उत्पन्नाची गंगाजळी आहे, तशी आपल्याजवळ नाही. पण एकदा बांधावे आणि तीनदा वापरावे, ही त्यांची रीत मात्र गरिबानेही उचलण्याजोगी आहे.

यावर कोणी विचारील, आणि विचारावेच, की मैदानेच हवी असतील तर ती स्पर्धेवाचून का बांधू नयेत? परदेशी पाहुण्यांचे निमित्त कशाला? तर्काने पाहिले तर या आक्षेपाला उत्तर नाही. परंतु व्यवहार तर्काने चालत नाही. घरात लग्नकार्य निघाल्यावाचून आपण भिंतींना रंग देत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. ठरलेली तारीख आणि चारचौघांत जाणारी अब्रू या दोन गोष्टी सरकारी कामालाही गती देतात. शिवाय दुसऱ्या फळीतील खेळाडूला परदेशी प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्याची संधी अशाच लहान स्पर्धांतून मिळते. पंच, वेळाधिकारी, स्वयंसेवक येथेच तयार होतात. ही जमा खरी आहे. फक्त पदकांच्या संख्येने हुरळून जाऊ नये, कारण बलाढ्य देश अशा स्पर्धांना आपले अव्वल खेळाडू बहुधा पाठवीत नाहीत.

खर्चाच्या बाजूला मात्र एक कलम नेहमी झाकले जाते. बांधकामाचा आकडा अंदाजपत्रकात एकदा येतो आणि वृत्तपत्रांत गाजतो. परंतु छताची गळती, धावपट्टीचे नवे अस्तर, तरणतलावाचे पाणी, विजेचे बिल आणि रखवालदाराचा पगार हे दरवर्षीचे आकडे कोणाच्याच भाषणात येत नाहीत. भव्य मैदान बांधून त्याला कुलूप लावणे हा दुहेरी तोटा आहे: पैसाही गेला आणि मोकळी जागाही गेली. त्या जागेवर पूर्वी निदान मुले चेंडू तरी खेळत होती.

आज हा विचार निकडीचा आहे. आपला देश मोठमोठ्या स्पर्धांचे यजमानपद मिळविण्यास उत्सुक आहे, आणि त्या मोठ्या स्पर्धांची रंगीत तालीम म्हणून लहान स्पर्धा निरनिराळ्या राज्यांच्या दाराशी येतील. अशा वेळी सरसकट नकार देणे जसे करंटेपणाचे, तसा सरसकट होकार देणेही बेजबाबदारपणाचे. माझे मत विचाराल तर मी तीन अटींवर होकार देईन. पहिली अट अशी की, स्पर्धा हाताशी असलेल्या मैदानांवर, किंवा ज्यांची त्या गावाला स्पर्धेवाचूनही गरज आहे अशाच मैदानांवर व्हावी. दुसरी अशी की, पुढील निदान दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च कोण सोसणार हे यजमानपदाच्या करारावर सही होण्यापूर्वीच जाहीर व्हावे. आणि तिसरी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती अशी की, पाहुणे परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मैदानाचे दार आसपासच्या शाळांतील मुलामुलींसाठी उघडे असावे, आणि आत त्यांना शिकविणारा कोणी नेमलेला असावा.

दिल्लीची १९३४ ची स्पर्धा आज कोणाला ठाऊक नाही, हैदराबादची व गोव्याची स्पर्धाही हळूहळू लोक विसरतील. त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. स्पर्धेचे नाव विसरले गेले तरी तिच्यासाठी केलेले मैदान पुढच्या पिढीच्या पायांखाली राहिले, तर सार्वजनिक पैसा सत्कारणी लागला असे खुशाल समजावे. आणि तसे झाले नाही, तर मिळविलेली सारी पदके मांडूनही तो जमाखर्च जुळणार नाही.