विमान इंजिन मेकॅनिक : प्रशिक्षण व परवाना

विमानाचे इंजिन तपासणे, खोलणे, दुरुस्त करणे आणि पुन्हा बसवणे यांचे व्यवसायशिक्षण. राइट बंधूंच्या सायकल दुकानातला कारागीर चार्ल्स टेलर याने १९०३ च्या उड्डाणासाठी सुमारे सहा आठवड्यांत बारा-एक अश्वशक्तीचे इंजिन घडवले. त्याच्याकडे ना परवाना होता, ना तो देणारे कुणी. आज परवानाधारकाची सही झाल्याखेरीज दुरुस्त विमान धावपट्टीवर जात नाही.

अमेरिकेत इंजिनासाठी ‘पॉवरप्लांट’ हे वेगळे मानांकन आहे. भारतात इंजिन आणि सांगाडा एकाच परवान्यात येतात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेतलेल्या विद्यार्थ्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) मान्य केलेल्या संस्थेत प्रवेश मिळतो. टर्बाइन विमानांच्या बी-१.१ गटाचा मूळ अभ्यासक्रम २,४०० तासांचा असून विषयवार परीक्षांत उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के गुण लागतात. पुढे चालत्या विमानांवरचा प्रत्यक्ष अनुभव नोंदवहीत भरावा लागतो. ‘कोर्स झाला, आता नोकरी’ हा हिशेब इथे चालत नाही.

कार्यशाळेत हाताला शिस्त लागते. बोल्ट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापापर्यंतच आवळायचा. लॉकिंग वायर अशी ओढायची की तिच्या ताणाने बोल्ट घट्टच व्हावा, सैल नव्हे. बोरस्कोप आत सरकवून इंजिन न खोलता पात्यांवरचे ओरखडे, तडे शोधायचे. काम संपल्यावर हत्यारे मोजायची. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत.

‘मानवी घटक’ हा विषय मुलांना रटाळ वाटतो, पण खरा कस तिथेच लागतो. ५ मे १९८३ रोजी मायामीहून नासाऊकडे निघालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या लॉकहीड एल-१०११ विमानाच्या तिन्ही इंजिनांत, तेलातले धातूचे कण टिपणारे चिप डिटेक्टर रबरी ओ-रिंगशिवाय बसवलेले होते. एरवी हा भाग रिंगसकट हाती येई. त्या वेळी तो तसा नव्हता आणि कुणी निरखून पाहिले नाही. तेल गळाले. एक इंजिन वैमानिकांनी बंद केले, नंतर उरलेली दोन्ही थांबली. बंद केलेले इंजिनच पुन्हा चालू करून विमान मायामीला परतले. १७२ जण बचावले. एकाच माणसाने सर्व इंजिनांवर तेच काम करू नये, हा दंडक अशा प्रसंगांमुळेच महत्त्वाचा ठरला.

मूळ परवान्यावर प्रवासी जेट ‘सोडता’ येत नाही. त्यासाठी विमान आणि इंजिन यांच्या जोडीनुसार टाइप प्रशिक्षण घ्यावे लागते: सीएफएम५६ इंजिनाचे एअरबस ए३२० वेगळे, प्रॅट अँड व्हिटनीच्या पीडब्ल्यू११०० चे वेगळे. मराठी मुलांना अशा कामाची जागा म्हणून मुंबई विमानतळाचे हँगर आहेतच; नागपूरच्या मिहानमध्येही एआय इंजिनीअरिंग सर्व्हिसेसचे (पूर्वीच्या एअर इंडिया इंजिनीअरिंग सर्व्हिसेसचे) देखभाल केंद्र आहे.