फाटक इंग्रजी, दालने फ्रेंच

लालबागेचे फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांच्या धर्तीवर घडविलेले आहे, हे इंदूरकरांस सांगावयास नको. आतील दालनांच्या सजावटीवर मात्र फ्रेंच राजप्रासादांची छाप दिसते. १८८६ ते १९२१ या काळात होळकरांनी हा वाडा उभारला. फाटक इंग्रजी, दालने फ्रेंच आणि धनी मराठी. मॉरिशसचा इतिहास वाचताना आम्हांस हाच वाडा आठवतो.

हिंदी महासागरातील हे बेट फ्रेंचांनी १७१५ मध्ये घेतले आणि १८१० मध्ये इंग्रजांनी जिंकले. शरणागतीच्या अटींनुसार रहिवाशांचा धर्म, कायदे व रीतिरिवाज अबाधित राहिले. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांकडे अंतर्गत कारभार राहिला आणि वर इंग्रज रेसिडेंट बसला, तशातलाच हा प्रकार. १५८ वर्षांच्या इंग्रजी अमलातही तेथील फ्रेंच टिकली, कारण ती घराघरांत बोलली जात होती. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. त्याच्या विधिमंडळाची अधिकृत भाषा इंग्रजी असली, तरी सभासदास फ्रेंचमध्ये बोलता येते.

आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरील फ्रेंच वसाहतींत निराळे घडले. तेथे पॅरिसने नेमलेले अधिकारी कारभार पाहत. १९६० या एकाच वर्षी सहाराच्या दक्षिणेकडील १४ फ्रेंच अमलाखालील प्रदेश स्वतंत्र झाले. त्यांतील बहुतेकांनी राष्ट्राध्यक्षाच्या हाती एकवटलेली सत्ता आणि दप्तराची फ्रेंच भाषा, दोन्ही पुढे चालविल्या. परंतु दप्तरातील भाषा हुकुमाने येते तशी हुकुमाने जातेही. लष्करी राजवटीखालील मालीने २०२३ च्या राज्यघटनेत फ्रेंचचा अधिकृत दर्जा काढून घेतला.

मॉरिशसमध्ये १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले. त्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. आज तेथे गणेश चतुर्थीस सार्वजनिक सुटी असते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन चालते. अल्पसंख्य मराठी समाजाने एवढे मिळविले, ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि घरातील बोली आता बहुतांशी क्रिओल झाली आहे. मराठी पूजेत आणि पाठ्यपुस्तकांत आहे. जेवणाच्या पंगतीत क्वचितच.

येथे आम्हांस आपलेच घर दिसू लागते. आम्ही उभी हयात शासनाच्या फायली हिंदीत लिहिल्या. घरी आल्यावर मराठीच बोललो. त्यामुळे दप्तराच्या हिंदीने आमच्या मराठीस कधी धक्का लावला नाही. आज आम्ही नातवंडांशी मराठीत बोलतो आणि ती उत्तर हिंदीत देतात. इंदुरात मराठी ग्रंथालये आहेत, गणेशोत्सव आहे, मंडळे आहेत. त्यांचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु मॉरिशसचा दाखला असे सांगतो की, हे सारे असूनही भाषा घरातून जाऊ शकते. शासनाकडे अर्ज करून तो प्रश्न सुटणारा नाही. नातवंडाने हिंदीत विचारलेल्या प्रश्नास मराठीत उत्तर देणे आणि त्याच्याकडून मराठी उत्तराची प्रेमाने वाट पाहणे, हे काम आपल्याच पिढीस करावे लागेल.