दट्ट्याचे कडे

जुन्या मोटारीचे एंजिन खोलून पुन्हा बांधावयास घेतले म्हणजे मेस्त्री हटकून विचारतो, "रिंगा कोणत्या घालू? साध्या बिडाच्या की क्रोमच्या?" प्रश्न दुकानदारीचा वाटतो खरा, पण त्याच्या पाठीशी तीनशे वर्षांची खटपट आहे. नळकांडे आणि दट्ट्या यांच्यामधील फट बुजवावी कशी, आणि दोघांच्या घर्षणात झिजावे कोणी, हा तो जुना वाद.

न्यूकोमेनने १७१२ साली इंग्लंडात डडलीजवळ वाफेचे एंजिन उभे केले, तेव्हा त्याने दट्ट्याला कातडे लावले आणि वर पाणी सोडून फट बुजवली. वॅटला नळकांडे तापलेले हवे होते, त्यामुळे पाण्याचा हा उपाय त्याला चालेना. नमदा, पुठ्ठा, इतकेच काय, घोड्याची लीदही त्याने वापरून पाहिली! खरा दोष नळकांड्याच्या वाकडेपणात होता. विल्किन्सनच्या नव्या यंत्राने ते नीट कोरले जाऊ लागले. १७७६ साली टिप्टन येथे बसविलेल्या ५० इंची नळकांड्यात जुन्या शिलिंगाच्या जाडीइतकीही चूक नाही, असे वॅटच्या भागीदाराने, बोल्टनने, समाधानाने लिहून ठेवले आहे. तरीही चरबी चोपडलेल्या तागाच्या दोराचे वेष्टन पुढे बरीच वर्षे चालू राहिले.

तो दोर आगगाडीच्या वेगाला पुरेना. मँचेस्टरजवळ लाँगसाइटच्या रेल्वे कारखान्याचा प्रमुख जॉन रॅम्सबॉटम याने १८५२ साली तोड काढली. दट्ट्याला तीन खाचा पाडायच्या आणि प्रत्येकीत एके जागी चिरलेले धातूचे अरुंद कडे बसवायचे. कडे नळकांड्यापेक्षा सुमारे शेकडा १० मोठे वळवलेले असते; दाबून आत घातले की स्वतःच्याच ताणाने भिंतीला चिकटून राहते. (मुंबई–ठाणे पहिली आगगाडी धावली ती पुढच्याच वर्षी, १८५३ च्या एप्रिलात.)

पण निव्वळ गोल वळवलेले कडे सर्वत्र सारखे दाबत नाही आणि एकीकडे अधिक झिजते. माझ्या मते रॅम्सबॉटमची खरी बुद्धी येथे दिसते. १८५५ साली त्याने सांगितलेली रीत अशी : गोल कड्याला सभोवार सारखी वजने लावून ते बाहेर ओढायचे, त्याला जो आकार येईल तो उतरून घ्यायचा आणि त्या आकाराची कडी करायची. ती नळकांड्यात गेली की गोल होतात आणि सगळीकडे सारखी टेकतात. किती साधी गोष्ट!

झिजावे कड्याने, नळकांड्याने नव्हे, हा व्यवहारही यातच आला. कारण कडे स्वस्त आणि नळकांडे महाग.

आता मेस्त्रीच्या प्रश्नाकडे वळू. बिडाचे कडे घासून ताज्या केलेल्या भिंतीशी लवकर जमते; क्रोमचे उशिरा जमते, पण धुळीच्या रस्त्यावर अधिक टिकते. मात्र नळकांड्यालाच आतून क्रोमचा मुलामा असेल तर क्रोमची रिंग मुळीच घालू नये, दोन्ही एकमेकांना खरवडतात. जुन्या नळकांड्याच्या तोंडाशी न झिजलेली कड उरलेली असते, ती न काढता नवी रिंग घातली तर तेथे आपटून मोडते. आणि कोणतीही रिंग घेतली तरी ती आधी नुसती नळकांड्यात सरळ बसवून टोकांमधील फट पत्तीने मोजावी. तीन इंची नळकांड्यास इंचाचे ९ ते १२ सहस्रांश, हा साधारण ठोकताळा. फट त्याहून फार कमी असेल, तर तापून फुगलेल्या रिंगेची टोके एकमेकांना भिडतात आणि दट्ट्या जागीच अडकतो.