जठराचा कर्करोग: शस्त्रक्रियेआधी आणि नंतर किमोथेरपी कशासाठी?

"गाठ दिसते आहे, तर आधी ती काढून का टाकत नाहीत?" मालवणहून मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये किंवा बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये गेलेल्या कुटुंबाचा बहुधा हाच पहिला प्रश्न असतो. आधी किमो द्यायची म्हटले की आजार हाताबाहेर गेला किंवा डॉक्टर वेळ काढत आहेत, असे वाटते. बहुतेक वेळा यातले काहीच खरे नसते.

गाठ जठराच्या भिंतीत खोल गेली असेल किंवा जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचली असेल, पण यकृत, पोटाचे अस्तर अशा ठिकाणी पसरली नसेल, तेव्हा हा मार्ग निवडतात. अगदी वरच्या थरातल्या लहान गाठीला किमोची गरज सहसा नसते. पोटाच्या अस्तरावरचे बारीक ठिपके सीटी स्कॅनमध्ये सुटू शकतात, म्हणून किमोआधी दुर्बिणीने पोट आतून तपासायला सांगितले तर नाही म्हणू नका.

आधी किमो देण्याचे कारण म्हणजे स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या, रक्तातून इकडेतिकडे गेलेल्या पेशी. ऑपरेशनने त्या निघत नाहीत. (चाकू लागल्यामुळे कर्करोग पसरतो, हा समज मात्र चुकीचा आहे.) ब्रिटनमधील 'मॅजिक' अभ्यासात ५०३ रुग्ण होते. त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. नुसत्या शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी १०० पैकी सुमारे २३ जण हयात होते, आधी व नंतर किमो घेतलेल्यांत ३६. पुढे जर्मनीत 'फ्लॉट' ही चार औषधांची पद्धत तिच्याही पुढे गेली. २०१९ च्या निष्कर्षांत निम्मे रुग्ण ५० महिन्यांपेक्षा जास्त जगले, जुन्या पद्धतीत हा आकडा ३५ होता.

दोन्ही अभ्यासांत ठरलेले सगळे डोस निम्म्याहून कमी रुग्णांना पूर्ण करता आले. जठर काढल्यावर वजन उतरते, खाणे कमी होते आणि पुढची किमो झेपत नाही. म्हणून आधीचे डोस चुकवू नयेत, असे मी आग्रहाने सांगतो.

फ्लॉटमध्ये दर दोन आठवड्यांनी एक असे चार डोस आधी देतात. मग साधारण महिनाभराने शस्त्रक्रिया होते आणि जखम भरल्यावर आणखी चार डोस. वय, हृदय आणि ताकद पाहून काहींना सौम्य औषधे देतात.

घरी काय सांभाळायचे

यातले ऑक्सालिप्लॅटिन हे औषध नसांवर परिणाम करते. डोसनंतर काही दिवस थंड वस्तूला हात लावला की झिणझिण्या येतात, थंड पाण्याने घसा आवळल्यासारखा होतो. मासळीचा व्यवसाय असलेल्या घरात हे विशेष लक्षात ठेवा: बर्फातली मासळी रुग्णाने हाताळू नये. फ्रिजमधली सोलकढीही नको. मासे, कालवे पूर्ण शिजवूनच खा.

ताप ही खरी घाई करण्याची गोष्ट आहे. डोसनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नका आणि मुंबईची गाडीही धरू नका. त्याच रात्री जवळच्या रुग्णालयात जा, "किमो चालू आहे" हे आधी सांगा, रक्ततपासणी करून शिरेतून प्रतिजैविक सुरू करायला सांगा. डिस्चार्जचा कागद कायम सोबत असू द्या.

पेशी वाढवण्याचे इंजेक्शन गावातल्या डॉक्टरांकडून घेता येते, मात्र ते नेताना थंड ठेवावे लागते. बर्फाला थेट टेकवू नका.

खाण्याची तयारी ऑपरेशनआधीच करा. उकड्या तांदळाची पेज चांगली, पण नुसत्या पेजेवर वजन टिकत नाही. सोबत अंडे, डाळ, शिजवलेला मासा हवा. गिळताना अडत असेल तर आहारतज्ज्ञांना लगेच सांगा. ऑपरेशननंतर दिवसातून सहा ते आठ वेळा थोडे थोडे खावे. गोड जास्त खाल्ले की घाम आणि धडधड होऊ शकते. पूर्ण जठर काढले असेल तर ब-१२ जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते, बहुधा इंजेक्शनने.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच भेटीत आरोग्यमित्राकडे करा. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात रुग्णाला आणि एका सोबत्याला भाड्यात सवलत मिळते. त्याचे प्रमाणपत्र रुग्णालय देते.