फर्स्ट नेशन्स वित्तव्यवस्था व तीतील व्यवसाय

कॅनडातील आदिवासी समाजांनी स्वतःच्या महसुलाच्या बळावर भांडवल उभारण्याची कायदेशीर व्यवस्था आणि तिच्याभोवती वाढलेले व्यवसाय. कॅनडाच्या मूळ रहिवाशांपैकी इन्युइट आणि मेटी वगळता उरलेल्या समाजांना फर्स्ट नेशन्स म्हणतात. त्यांची संख्या सहाशेहून अधिक आहे.

या व्यवस्थेचे मूळ एका अडचणीत आहे. १८७६ च्या इंडियन ॲक्टखालील राखीव क्षेत्रांच्या जमिनीची मालकी राजसत्तेकडे राहिली. याच कायद्याच्या आजच्या कलम ८९ नुसार तेथील आदिवासींची मालमत्ता बाहेरच्या सावकाराला गहाण घेता येत नाही, जप्तही करता येत नाही. जमीन वाचली, पण बँकेपुढे ठेवायला तारण उरले नाही. त्यातच १९२७ ते १९५१ या काळात जमिनीच्या दाव्यांसाठी सरकारी परवानगीशिवाय निधी गोळा करणे हाच गुन्हा होता.

वाट निघाली ती करांतून. कॅम्लूप्स या फर्स्ट नेशनचे प्रमुख मॅनी ज्यूल्स यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये इंडियन ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली आणि भाडेपट्ट्याने दिलेल्या राखीव जमिनींवर कर बसवण्याचा फर्स्ट नेशन्सचा अधिकार पक्का झाला. पुढे २००५ च्या कायद्याने कर आयोग, वित्तीय व्यवस्थापन मंडळ आणि वित्त प्राधिकरण या संस्था आल्या. प्राधिकरण ब्रिटिश कोलंबियातील नगरपालिकांच्या सामायिक कर्जसंस्थेच्या धर्तीवर चालते. अनेक समाजांची गरज एकत्र करून ते रोखे विकते. तारण जमिनीचे नसून भाडे, कर, उद्योगांचा नफा अशा येत्या उत्पन्नाचे असते. प्रत्येक कर्जातला सामान्यतः ५ टक्के भाग राखीव निधीत अडकवून ठेवतात. कोणी हप्ता चुकवला आणि निधी आटला, तर इतर कर्जदारांना तो भरून काढावा लागतो. पहिले रोखे २०१४ मध्ये निघाले, ९ कोटी कॅनेडियन डॉलरचे. २०२१ मध्ये मिक्मॉ या फर्स्ट नेशन्सच्या गटाने क्लिअरवॉटर ही मोठी समुद्री-खाद्य कंपनी भागीदारीत विकत घेतली, तेव्हा प्राधिकरणाने त्यांना २५ कोटी डॉलर दिले.

येत्या उत्पन्नावर कर्ज द्यायचे, तर त्याचा हिशेब विश्वासार्ह हवा. म्हणून या क्षेत्रातली कळीची नोकरी टोरंटोच्या वित्तपेढीत नाही, ती समाजाच्या स्वतःच्या कचेरीत आहे. तेथील वित्त अधिकारी वित्तीय प्रशासनाचा कायदा लिहून घेतो, लेखापरीक्षण वेळेत करवतो आणि व्यवस्थापन मंडळाच्या तपासणीला सामोरा जातो. मंडळाच्या प्रमाणपत्राशिवाय प्राधिकरणाचे दार उघडत नाही. त्याखेरीज कर प्रशासक, न्यासांचे विश्वस्त, रोखेविक्री सांभाळणारे आणि प्रकल्पातील भागभांडवलाचे मोल ठरवणारे विश्लेषक लागतात. कॅम्लूप्सचे तुलो केंद्र थॉम्पसन रिव्हर्स विद्यापीठाच्या साथीने कर प्रशासनाचे शिक्षण देते. एएफओए कॅनडा ही संस्था आदिवासी वित्त व्यवस्थापकांना प्रमाणपत्र देते. लहान समाजांत मात्र ही सगळी कामे पुष्कळदा एकाच माणसाच्या गळ्यात पडतात.

शाश्वत वित्ताशी या व्यवस्थेचे नाते सरळ नाही. ऑन्टारिओतील हेन्वी इनलेट फर्स्ट नेशनचा ३०० मेगावॉटच्या पवनऊर्जा प्रकल्पात निम्मा वाटा आहे, आणि हरित गुंतवणुकीचे उदाहरण म्हणून तो सहज दाखवता येतो. पण २०२२ मध्ये अल्बर्टातील २३ फर्स्ट नेशन्स व मेटी समाजांनी एनब्रिज कंपनीच्या सात तेलवाहिन्यांतील ११.५७ टक्के हिस्सा १.१२ अब्ज डॉलरला घेतला, तोही काही अंशी प्रांतिक महामंडळाच्या कर्जहमीवर. हवामानाच्या कसोटीवर हा सौदा टिकणे कठीण. समाजाच्या स्थिर उत्पन्नाच्या कसोटीवर तो नाकारणेही तितकेच कठीण. अशा प्रस्तावांचे मूल्यमापन करणाऱ्यांना दोन्ही कसोट्या एकाच टिपणात मांडाव्या लागतात. केंद्र सरकारने २०२४ च्या अर्थसंकल्पात नैसर्गिक संसाधने व ऊर्जा प्रकल्पांसाठी ५ अब्ज डॉलरची कर्जहमी जाहीर केली, तेव्हा तेल आणि वायू वगळले नाहीत. कोणत्या प्रकल्पात भागीदार व्हायचे, ही निवड समाजांवरच सोडली.