हिमनदीतील दोन विमाने



आमच्या बोनकोडे गावातील काही मुले सुटीच्या दिवशी खाडीच्या अंगाला उभी राहून आकाशाकडे पाहत असतात. हाती एक जुनी दुर्बीण आणि एक वही. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली, तेव्हापासून हा छंद अधिकच बळावला आहे. विमान कोणत्या जातीचे, त्याचा नोंदणी-क्रमांक काय, हे ती टिपून ठेवतात. ‘याने पोट भरते काय?’ असे वडीलधारी मंडळी विचारतात. आम्हीही प्रथम तेच विचारले होते. आज मात्र त्या मुलांची वकिली करण्यास आम्ही येथे उभे आहोत.

आमचे शिक्षण ठाणे-बेलापूर रस्त्यावरील कारखान्यांच्या फाटकांशी झाले. एका कारखान्यात एका कामगाराची दोन बोटे यंत्रात गेली. चौकशीचा दिवस उजाडला, तेव्हा त्या जागी संरक्षक जाळी बसविलेले दुसरेच यंत्र उभे होते! परंतु एका सोबत्याने अपघाताच्या दिवशीच यंत्राच्या पट्टीवरील नंबर कागदाच्या कपट्यावर उतरवून घेतला होता. त्या नंबराच्या बळावर भरपाई मिळाली. वस्तूची ओळख पटली म्हणजे माणसाचा हक्क उभा राहतो, हा धडा आम्ही तेथे शिकलो. विमानांच्या इतिहासातही हाच धडा आहे.

फ्रान्स आणि इटली यांच्या सीमेवरील माँ ब्लाँ या पर्वतावर आपली दोन विमाने जवळजवळ एकाच ठिकाणी कोसळली. पहिले ३ नोव्हेंबर १९५० रोजी. एअर इंडिया इंटरनॅशनलचे हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान. नाव ‘मलबार प्रिन्सेस’, नोंदणी व्हीटी-सीक्यूपी. याच विमानाने ८ जून १९४८ रोजी मुंबई-लंडन सेवेचा आरंभ केला होता. त्यात ४० प्रवासी आणि ८ कर्मचारी होते. एकही वाचला नाही. प्रवाशांतील बहुतेक जण विलायतेत बोटीवर रुजू होण्यास निघालेले भारतीय खलाशी होते. त्यांच्या शोधासाठी वर चढलेला रेने पायो हा फ्रेंच वाटाड्या बर्फाच्या भेगेत पडून मरण पावला. दुसरे विमान २४ जानेवारी १९६६ रोजी कोसळले. ते बोइंग ७०७ जातीचे ‘कांचनजंगा’. त्यात ११७ माणसे गेली, डॉ. होमी भाभा त्यांपैकी एक.

बर्फ स्थिर दिसते, पण ते स्थिर नसते. शिखराखालचे बर्फ बोसाँ या हिमनदीच्या रूपाने शामोनीच्या खोऱ्याकडे हळूहळू सरकत राहते, आणि वर गाडले गेलेले ते अनेक दशकांनी खाली आणून टाकते. उन्हाळ्यात काही हौशी मंडळी ही हिमनदी पायाखाली घालतात आणि सापडलेला तुकडा कोणत्या विमानाचा, याचा निवाडा करू पाहतात.

हा निवाडा कसा करतात? कॉन्स्टेलेशनला पंख्याची चार इंजिने होती आणि प्रत्येकात १८ सिलिंडर. बोइंग ७०७ हे जेट विमान. त्याला बाहेरचा पंखा नाही. तेव्हा दट्ट्या, सिलिंडर किंवा पंख्याचे पाते मिळाले तर ते १९५० चे. टर्बाइनचे पाते मिळाले तर १९६६ चे. कागद सापडला तर प्रश्नच मिटतो. २०१२ साली भारत सरकारच्या टपालाची एक थैली निघाली. २०२० साली वृत्तपत्रे निघाली. त्यांत इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी होती. म्हणजे ती १९६६ ची, यात शंका उरली नाही.

कठीण काम आहे ते चमच्या-ताटलीचे. दोन्ही विमाने एकाच कंपनीची. १९६२ साली कंपनीच्या नावातून ‘इंटरनॅशनल’ हा शब्द गळाला, हे खरे. पण तेवढ्यावरून निकाल देता येत नाही. जुना चमचा पुढेही वापरात राहू शकतो. खरा हौशी माणूस अशा वेळी हात राखून बोलतो. आमच्या मते हा त्याचा सर्वांत मोठा गुण होय.

येथे कोणी म्हणेल, तुकडा या विमानाचा की त्या, यात एवढे काय मोठेसे? बंधूंनो, आहे! हिमनदीतून काही निघाले की ‘भाभांचे विमान’ हे शब्द सहज तोंडी येतात. डॉ. भाभांचे स्मरण देशाने करावेच. पण निघालेला तुकडा जर दट्ट्याचा असेल, तर तो खलाशांच्या विमानाचा आहे. त्यावर चुकीची चिठ्ठी लावणे म्हणजे पोटासाठी घर सोडून निघालेल्या त्या माणसांना दुसऱ्यांदा बर्फात पुरणे होय. त्यांच्या नावाने ग्रंथ नाहीत, संस्था नाहीत. जगाने त्यांची आठवण काढावी असे एकच निमित्त उरले आहे, आणि ते म्हणजे योग्य ओळखलेला लोखंडाचा तुकडा.

म्हणून बोनकोड्याच्या मुलांना आमचे सांगणे इतकेच: वही सोडू नका. क्रमांक नीट पाहा, तारीख घाला, जेथे शंका असेल तेथे ‘शंका आहे’ असे लिहा. आणि क्रमांकाखाली एक ओळ माणसांसाठी मोकळी ठेवा. विमान कोणते, हे कळले की ‘आत कोण होते?’ हा प्रश्न विचारावाच लागतो. तो विचारणारा आपल्यातून निघाला पाहिजे, कारण ती माणसे आपली होती.